सुपरहिरोला घर हवं: नवा बॅटमॅन, नवा स्पायडर-मॅन आणि इतर

नौपाडाकर

मंडळी, सुपरहिरोंच्या सिनेमांवर इथे धागे निघतात आणि बघता बघता शंभरी गाठतात. मूळ कॉमिक्सवर मात्र मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. गेल्या दोन वर्षांत कॉमिक्समध्ये जे झालंय ते मला इतकं आवडलंय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी मध्ये वाचन सोडलं होतं त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने २०२३ च्या अखेरीस नवं ‘अल्टिमेट’ विश्व उघडलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातला ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चा पहिला अंक आला. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेत्तो. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीसी या दुसऱ्या कंपनीने ‘ॲब्सोल्युट’ मालिका सुरू केल्या. आधी बॅटमॅन आणि वंडर वुमन, नोव्हेंबरात सुपरमॅन, मग २०२५ च्या मार्च-एप्रिलपासून फ्लॅश, मार्शियन मॅनहंटर आणि ग्रीन लँटर्न. दोन्हीकडे गोष्ट अगदी पहिल्यापासून. मागच्या साठ-ऐंशी वर्षांचे अंक वाचलेले नसले तरी काही अडत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. या दोन्ही प्रयोगांत जे जमलंय ते घरामुळे जमलंय. सुपरहिरोला घर दिलं, पोटापाण्याचा उद्योग दिला, आणि गोष्टीत जीव आला.

बॅटमॅन घ्या. स्कॉट स्नायडरने लिहिलाय, निक ड्रागोटाने काढलाय. या ब्रूस वेनकडे वाडा नाही, दौलत नाही, चहा घेऊन येणारा बटलर नाही. आल्फ्रेड आहे, पण तो ब्रिटिश गुप्तहेर, आणि सुरुवातीला तो ब्रूसच्या मागावर असतो. वडील शाळेत शिक्षक होते, सहलीला गेलेले असताना प्राणिसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात गेले. आई जिवंत आहे. ही एवढी एक गोष्ट बदलली आणि सगळा माणूस बदलला. याला रात्री घरी न सांगता बाहेर पडावं लागतं, कारण विचारणारं कुणीतरी आहे. आणि हा ब्रूस सिव्हिल इंजिनिअर आहे.

इथे मी अडकलो. मी ठाण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. मागच्या पावसाळ्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतली एक चार मजली इमारत तपासत होतो. जिन्याखालचा कॉलम, वरून ताजा रंग दिलेला. चांगलं काँक्रीट हातोडीने ठोकलं की टणटण वाजतं, आतून सुटलेलं असेल तर पोकळ, बसका आवाज येतो. कमरेच्या उंचीवर आवाज बदलला. प्लास्टर काढलं तर आतली सळी गंजून फुगलेली. लोखंड गंजलं की मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडत बाहेर येतं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “गणपतीपर्यंत राहता येईल ना?”

त्या रात्री मी ॲब्सोल्युट बॅटमॅन परत काढला. गोथमच्या पोटात कुठून काय गेलंय हे या ब्रूसला माहीत आहे, कारण तो त्या शहरात काम करतो. छातीवरचं वटवाघूळ काढलं की कुऱ्हाडीचं पातं होतं, मुखवट्याचे कान उपसले की सुरे. गाडी म्हणजे खाणीतल्या डंपरएवढी. विकत आणलेलं काही वाटत नाही. सगळं हाताने बनवलेलं, वजनदार, कामाच्या माणसाचं. आणि समोरचा जोकर? तो या विश्वातला श्रीमंत माणूस. ज्याच्याकडे सगळं आहे, आणि जो हसत नाही.

स्पायडर-मॅनचं दुखणं वेगळं होतं. १९८७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं आणि २००७ मध्ये सैतानाशी सौदा दाखवून कंपनीने ते पुसून टाकलं. मी तेव्हा नोकरीला नुकता लागलो होतो. ते वाचून मला मनापासून वाईट वाटलं होतं. पीटर म्हातारा दिसायला नको, वाचकाला तो कायम पोरगेला वाटायला हवा, हा त्यामागचा हिशोब. हिकमनने तो उलटा फिरवला. याचा पीटर पस्तिशीचा, संसारी, दोन मुलांचा बाप. मग त्याला कोळी चावतो, आणि तेही तो स्वतः निवडतो. मुलगी मे हिला गुपित सगळ्यात आधी कळतं आणि पोशाखाचे रंग तिच्याशी बोलून ठरतात. चौथा अंक तर जवळजवळ सगळा एका हॉटेलातल्या जेवणाचा आहे. पीटर-मेरी जेन आणि हॅरी-ग्वेन, दोन जोडपी, एक टेबल. एकही इमारत पडत नाही. माझ्या मते दोन वर्षांतला तो सगळ्यात चांगला अंक.

तुम्ही काय वाचताय ते सांगा.

जुना_वेताळ

नौपाडाकर, छान लिहिलंत. पण घर ही नवी गोष्ट नाही हो. आमच्या वेताळाला, म्हणजे फँटमला, घर होतं!

मी पाचपाखाडीत वाढलो. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. म्हणजे माझं सगळं बालपण आणि तरुणपणाचा बराच भाग. मे महिन्यात वाचनालयातून भाड्याने आणायचो, एका दिवसात परत द्यायचं, त्यामुळे तीन घरांतली सात पोरं एकाच अंकाभोवती पोटावर झोपून वाचायची. एक मोठ्याने वाचणार, बाकीच्यांनी चित्रं बघायची, आणि सगळ्यांचं बघून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही.

ली फॉकचा वेताळ १९३६ चा. तो एकविसावा. बापाकडून मुलाकडे आलेला वसा, कवटीच्या गुहेत आधीच्या वीस पिढ्यांच्या समाध्या. १९७७ मध्ये त्याने डायना पामरशी लग्न केलं आणि मग जुळी मुलं झाली. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची. घर, बायकोची नोकरी, मुलं, सगळं होतं. वेताळ अमर आहे असं जंगलाला वाटतं, पण वाचकाला माहीत असतं की हा मरणार आणि मुलगा पुढे येणार. या एका गोष्टीमुळे तो मला सुपरमॅनपेक्षा जवळचा वाटायचा.

तुमच्या शिफारशीवरून पुतण्याकडून ॲब्सोल्युट बॅटमॅनचे पहिले दोन अंक घेऊन वाचले. पहिल्याच अंकात कुऱ्हाडीने माणसाचा हात तोडलाय. हे मला पटलं नाही. ठोसा मारून हनुवटीवर कवटीची खूण उमटवणं मला पुरत होतं.

रंगपेटी

धागा वाचून फार बरं वाटलं. मी चित्रकला शिकवते, वर्तकनगरला माझे क्लास आहेत, त्यामुळे मी चित्रांबद्दलच बोलणार.

कॉमिक्सवर बोलताना लोक कथानक सांगतात आणि थांबतात. ड्रागोटाची पानं बघा. कधी एका पानावर बारीक बारीक चौकटींची जाळी, श्वास कोंडेल अशी, आणि उलटलं की दोन पानं भरून एकच चित्र. डोळ्याला आधी आवळायचं आणि मग मोकळं सोडायचं. रंग फ्रँक मार्टिनचे. रात्र नुसती काळी न ठेवता तिला वेगवेगळे रंग दिलेत.

पण माझं सगळ्यात आवडतं पुस्तक ॲब्सोल्युट मार्शियन मॅनहंटर. लेखक डेनिझ कँप, चित्रं हाविएर रॉद्रिगेसची. जॉन जोन्स हा एफबीआयचा माणूस एका स्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याला लोकांचे विचार दिसू लागतात. कसे, तर रंगीत धुरासारखे. रस्त्यातून चाललेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यातून वेगळ्या रंगाचा धूर निघतोय. शब्दांत सांगायला चार पानं लागली असती ते तिथे एका चौकटीत होतं. मी हे पान वर्गात मुलांना दाखवलं आणि म्हटलं, लोकलच्या डब्यातली माणसं अशी काढा. एका मुलीने चौथ्या सीटवर अर्धी टेकलेल्या बाईचा धूर बाजूच्या तिघींच्या धुरात मिसळत नेला होता. ते चित्र मी क्लासच्या भिंतीवर लावलंय.

नौपाडाकर, तुमचा मुद्दा इथेही लागू होतो. जॉनला बायको आहे, मुलगा आहे, आणि ते घर तुटत चाललंय. बाहेरच्या सगळ्यांच्या मनातलं दिसणाऱ्या माणसाला घरात काय बोलावं ते कळत नाही.

खाडीपलीकडची

कळव्याहून नमस्कार. मला थोडं वेगळं म्हणायचंय.

सुपरहिरोला घर दिलं की त्या घरातली बाई धोक्यात येते. हा इतिहास आहे. १९७३ मध्ये स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली टाकलं आणि तेव्हापासून नायकाला दुःख हवं असलं की लेखक त्याची बायको नाहीतर प्रेयसी मारतात. गेल सिमोन या लेखिकेने १९९९ मध्ये अशा मारल्या गेलेल्या, छळ झालेल्या स्त्रीपात्रांची यादीच केली होती, आणि ती लांबलचक होती. नौपाडाकर, तुम्हाला घर म्हणजे ऊब दिसते. मला ते वाचताना पुढचा बळी कोण ते दिसतं. अल्टिमेट स्पायडर-मॅनमध्येही पीटरची काकू, आंट मे, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली आहे, काका अंकल बेन जिवंत. म्हणजे या वेळी दुसऱ्याला मारलं, इतकंच.

मला या सगळ्यांत खरी वेगळी वाटली ती ॲब्सोल्युट वंडर वुमन. केली थॉम्पसनने लिहिली, हेडन शर्मनने काढली, २०२५ मध्ये सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर हा कॉमिक्सचा पुरस्कारही मिळाला. इथे ॲमेझॉन या लढवय्या बायका नाहीत, त्यांचं ते सुंदर बेट नाही. नवजात डायनाला, म्हणजे वंडर वुमनला, पाताळात आणून सर्सी या चेटकिणीच्या ओटीत टाकतात. सर्सीला मूल नकोच असतं. आणि मग ती हळूहळू आई होते. आपल्याकडे देवकीचं बाळ यशोदेकडे गेल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतो, पण यशोदा ते बाळ बघताक्षणीच हरखली. सर्सीला त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ लेखिकेने दिलाय. पाताळात वाढूनही ही डायना सगळ्यांत प्रेमळ निघते, याचं कारण ते घर. तेव्हा घर हवंच, पण बळी द्यायला नको.

नौपाडाकर

@खाडीपलीकडची, तुमचा मुद्दा मान्य. मी लिहिताना तो विचार केला नव्हता. ग्वेनचं तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं की चौथ्या अंकातलं ते जेवण मला इतकं का आवडलं. १९७३ मध्ये जिला मारलं ती इथे नवऱ्याबरोबर टेबलाशी बसून गप्पा मारतेय. आणि मेरी जेन इथे नुसती वाट बघत बसलेली नाही. तिची स्वतःची प्रसिद्धीची कंपनी आहे, आणि नवऱ्याचं गुपित कळल्यावर ती त्यात भागीदार होते. पण आंट मेबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय.

सर्सीबद्दलचं तर शंभर टक्के.

@जुना_वेताळ काका, डायनाच्या नोकरीची आठवण मला नव्हतीच. माझ्या वाट्याला इंद्रजालचे शेवटचे काही अंक आले, तेही मामाकडचे, मुखपृष्ठं फाटलेले. हाताचं म्हणाल तर मलाही तिथे थांबावं लागलं होतं. बॅटमॅन माणूस मारत नाही हा नियम इथेही आहे, पण मारण्याच्या अलीकडचं सगळं करतो. बेन (Bane) या खलनायकाची कथा पुढच्या अंकांत येते तिथे तर फारच. ती तुम्ही वाचू नका, असंच सुचवेन.

ऐरोलीकर

मी एक व्यवहाराचा मुद्दा मांडतो. हे सगळं वाचायचं कसं? एक अंक चार-पाच डॉलरचा, वीस-बावीस पानं गोष्ट. तो इथे येईपर्यंत त्यावर वाहतूक चढते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डायमंड या एकेकाळच्या सगळ्यात मोठ्या वितरकाने दिवाळखोरी जाहीर केली, त्यानंतर मी ज्या ऑनलाइन दुकानातून मागवायचो तिथे माझे दोन अंक तीन महिने लटकले. आले तेव्हा एकाचा कोपरा दुमडलेला. आता मी सुटे अंक घेणं बंद केलंय. पाच-सहा अंकांचा पेपरबॅक खंड निघाला की तो घेतो. मार्व्हलचं वाचायचं असेल तर त्यांचं ॲप आहे, छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी तिथे येतं. तीन महिने कळ काढायची तयारी असेल तर सगळ्यात स्वस्त तेच.

आणि एक. अल्टिमेट विश्व एप्रिल २०२६ मध्ये संपवणार असं मार्व्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं. मला हे अतिशय आवडलं. या मालिकांत एक अंक म्हणजे एक महिना, गोष्टीतला काळ आपल्याबरोबर चालतो, खलनायक परत यायची तारीख पहिल्यापासून ठरलेली. गोष्टीला शेवट आहे म्हटल्यावर प्रत्येक अंक मी वेगळ्या नजरेने वाचतो.

२०२५ मधलं डेडपूल-बॅटमॅन वाचलं का कुणी? दोन्ही कंपन्यांचे नायक २००३ नंतर पहिल्यांदा एकत्र आले.

अवांतर: आपल्या मुंबईचा स्पायडर-मॅन विसरलात का? २००४ मधला पवित्र प्रभाकर, जीवन कांगची चित्रं, खाली धोतर. मी तेव्हा कॉलेजात होतो. रुळांवरून, चाळींवरून उड्या मारणारा आपला पोरगा बघून अंगावर काटा आला होता.

नौपाडाकर

@ऐरोलीकर, डेडपूल-बॅटमॅन वाचलं. मजा आली, पण परत उघडावंसं वाटलं नाही.

पवित्रचं धोतर मलाही आवडलं होतं. तक्रार एवढीच की त्याचं घर कळत नाही. काका भीम, काकू माया, मीरा जैन, नावं बदलली, गोष्ट तीच ठेवली. घरात काय शिजतं, भाडं किती, पाणी किती वाजता येतं, शेजारचे काय म्हणतात, हे कुठे आहे? मुंबईत रात्री खिडकीतून बाहेर पडणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी समोरच्या बाल्कनीतल्या काकू बघतील. ती गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही. ॲब्सोल्युट सुपरमॅनमध्ये जेसन एरनने क्रिप्टॉनवरचं घर कष्टकऱ्यांचं दाखवलं, आणि मग तो मुलगा पृथ्वीवर येऊन ब्राझीलच्या खाणीत मजुरांच्या बाजूने उभा राहतो. तो तसा का, हे आपल्याला न सांगता कळतं. पवित्रला तसं घर मिळालं तर तो कुठल्या कुठे जाईल!

दोन_पिल्लांची_आई

वाशीहून. मला यातलं काहीच माहीत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. मुलगा दहा वर्षांचा आहे, स्पायडर-मॅनने वेडा झालाय, दप्तर-डबा-चादर सगळं तेच. पण पुस्तक हातात धरत नाही. वर हात तोडण्याचं वाचून घाबरले. त्याला काय देऊ?

नौपाडाकर

ताई, ॲब्सोल्युट बॅटमॅन अजिबात देऊ नका, तो मोठ्यांसाठीच आहे. अल्टिमेट स्पायडर-मॅन तेराव्या-चौदाव्या वर्षी.

आत्ता दोन पुस्तकं. एक, ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’, लेखक जीन ल्युएन यांग. १९४६ सालच्या अमेरिकेत एक चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येतं आणि काही लोक त्यांना हुसकावायला बघतात. सुपरमॅनला स्वतः परका असल्याची लाज वाटत असते, ती त्या घरातल्या लहान मुलीमुळे जाते. गुरिहिरू या जपानी जोडीची चित्रं इतकी स्वच्छ आहेत की वाचायचा कंटाळा करणारं मूलही पुढे सरकतं. दुसरं, ‘मिस मार्व्हल’चे २०१४ पासूनचे अंक. कमला खान, जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी. तिला जग वाचवायचं असतं आणि आई-वडील रात्री बाहेर सोडत नसतात. इंग्रजी अडेल तिथे तुम्ही शेजारी बसा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. अल्टिमेट स्पायडर-मॅनमधली निवडक पानं मी तिला दाखवतो, मे आणि पीटर पोशाखाबद्दल बोलतात ते पान धरून. ती त्यावर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “बाबा, तू साइटवरून हेल्मेट घालूनच घरात यायचास ना, तेव्हा मी पण घाबरायचे.” मला हे माहीत नव्हतं. मी तिला लहानपणी हेल्मेट दाखवून हसवतोय असंच समजत होतो. आता दाराबाहेरच काढून ठेवतो.

रंगपेटी

ताई, त्याला पुस्तक आणि पेन्सिल एकदम द्या. वाचलं नाही तर आवडलेली चौकट बघून काढू दे. काढताना फुग्यात काय लिहिलंय ते बघावंच लागतं. माझ्याकडची निम्मी मुलं वाचायला अशीच लागली.

जुना_वेताळ

नौपाडाकर, तुमच्या मुलीसाठी एक काम केलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. इंद्रजालचे अकरा अंक निघाले, मराठी. दोन कसरीने खाल्लेत, बाकीचे धड आहेत. पिना गंजल्यात, त्यामुळे मधली पानं सुटतात, ती मी सुतळीने बांधून ठेवलीत. जुळ्यांचाही एक अंक आहे.

रविवारी सकाळी नऊला तलावपाळीला चक्कर मारायला येतो. शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ बसतो. मुलीला घेऊन या. अंक घरी न्या, सावकाश वाचा. ताईंचा मुलगा यायचा असेल तर त्यालाही घेऊन या म्हणावं.

नौपाडाकर

काका, येतो नक्की. तिला आत्ताच सांगितलं. सुटी पानं आहेत म्हटल्यावर ती फाइलचा पुठ्ठा शोधायला गेली. तिचा एक प्रश्न आहे, वेताळाच्या मुलीचं नाव काय?

जुना_वेताळ

हेलॉइज. आणि मुलाचं किट.